नवव्या परिशिष्टातील कूळ

भारतीय घटनेच्या नवव्या परिशिष्टाची मूळ यादी अवघ्या तेरा कायद्यांची होती. आणि १८ जून १९५१ रोजी पहिली घटनादुरुस्ती अमलात आली त्या दिवशी ती यादी कोकणातल्या, देशावरच्या, विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या निरक्षर शेतकऱ्याला कोणी वाचून दाखविली असती, तर या अवजड ग्रंथाशी आपला काही संबंध आहे हे त्याला त्या एका पृष्ठावरून उमगले असते. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा तीत दुसऱ्या क्रमांकावर होता. खोती नष्ट करणारा कायदा होता, परगणे व कुलकर्णी वतने खालसा करणारा कायदा होता, मध्य प्रदेशातील मालगुजारी हक्क संपुष्टात आणणारा कायदा होता, आणि निजामी अमलातील फसली सनाचे आकडे अंगावर वागविणारे, हैदराबादच्या जहागिरींविषयीचे दोन विनियमही होते. मूलभूत हक्कांशी विसंगत आहे एवढ्या कारणावरून यांपैकी कोणताही कायदा कोणत्याही न्यायालयाने रद्द ठरवू नये, असे त्या दुरुस्तीने घातलेल्या ३१-ख या कलमाने सांगितले.

नागरिकांच्या हक्कांची हमी देणाऱ्या ग्रंथानेच काही कायद्यांना त्या हक्कांच्या कसोटीतून मुक्त करावे, आणि तसे करताना आपण हक्कांचे रक्षणच करीत आहोत असे म्हणावे, हा व्यवहार न्याय्य की अन्याय्य, याविषयी जे दोन पक्ष मी आजवर ऐकत आलो, त्यांना येथे दोन मुखे दिली आहेत. एक, महसूल खात्यात हयात घालवून मामलेदार म्हणून निवृत्त झालेले रावसाहेब. दुसरे, उच्च न्यायालयात रिट अर्ज चालविण्यात केस पांढरे झालेले वकीलसाहेब. व्यक्ती कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात आलेल्या घटना कल्पित नाहीत.

रावसाहेब : वकीलसाहेब, खोती म्हणजे काय हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही, ते जुन्या दप्तरातून कळते. सरकार आणि रयत यांच्यामध्ये सारा वसूल करून देणारा म्हणून जो खोत उभा राहिला, तो कालांतराने गावाचा धनी होऊन बसला, आणि कुळाच्या कपाळी अर्धेल किंवा तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वा तिसरा हिस्सा खोताच्या घरी नेऊन घालणे, व त्यावर पुन्हा वेठ आली. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी पडीत टाकल्या, स्वतः उपाशी राहिले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉक्टर आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढल्या जानेवारीत कोकणची हजारो कुळे त्यासाठी मोर्चाने मुंबईत येऊन धडकली. ते विधेयक संमत झाले नाही. स्वराज्य आल्यावर कायदे झाले. आणि ते होतात न होतात तोच पाटण्याच्या उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरविला. कारण काय, तर मोठ्या जमीनदारास नुकसानभरपाई कमी पटीने आणि लहानास अधिक पटीने द्यावी अशी त्यात तरतूद होती, आणि त्यामुळे मोठ्या जमीनदाराच्या समानतेच्या हक्काचा भंग होत होता! ज्या देशात कुळाला खोताच्या ओसरीवर चढण्याची सोय नव्हती, त्या देशात समानतेच्या चौदाव्या कलमाचा हा लाभ प्रथम कोणाच्या पदरी पडला पाहा. मग संसदेने काय करावयास हवे होते?

वकीलसाहेब : थांबावयास हवे होते, रावसाहेब. पाटण्याचा निकाल अखेरचा नव्हता. त्यावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने अजून काही म्हटलेले नव्हते, आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाने तर मालगुजारीविरोधी कायदा वैध ठरविला होता. प्रौढ मतदानाने निवडलेली संसदही अजून अस्तित्वात आली नव्हती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला काही महिने उरले असताना हंगामी संसदेने, घटना अमलात येऊन दीड वर्षही लोटले नाही तोच, तिच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणाला हात घातला. आणि तो हात केवळ जमिनीला लागला नाही. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने आपल्या प्रांतापुरती बंदी घातली होती. संपादक रोमेश थापर यांनी ती सर्वोच्च न्यायालयात नेली आणि २६ मे १९५० रोजी ती रद्द करून घेतली. सार्वजनिक सुव्यवस्था एवढ्या सबबीवर अभिव्यक्तिस्वातंत्र्य रोखता येत नाही, असा तो निकाल होता. पहिल्या दुरुस्तीने ती सबब एकोणिसाव्या कलमात लिहून टाकली. कुळाची जमीन आणि संपादकाची लेखणी ही दोन प्रकरणे एकाच विधेयकात बांधण्याचे कारण काय होते? श्यामाप्रसाद मुखर्जींनी त्या सभागृहात जो विरोध केला, तो खोतांचा कैवार घेण्यासाठी केला असे कोणी म्हणू शकेल काय?

रावसाहेब : नाही म्हणणार. पण त्याच दुरुस्तीने निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्द घातला, जो मूळ मसुद्यात या पोटकलमात नव्हता. आणि तुम्ही वकील मंडळी गेली सत्तर वर्षे वृत्तपत्रांसाठी जे दावे जिंकत आलात, ते या एका शब्दाच्या आधाराने. शिवाय त्याच विधेयकाने पंधराव्या कलमात चौथे पोटकलम घातले. मद्रासच्या प्रवेशप्रकरणात, चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात, शिक्षणसंस्थांतील राखीव जागा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या होत्या. मागासवर्गीय मुलाला महाविद्यालयाचे दार आज उघडते, ते न्यायालयाचा निकाल फिरविणाऱ्या दुरुस्तीमुळे उघडते. आणि तेव्हा कायदेमंत्री कोण होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्यांनी बत्तिसाव्या कलमाला घटनेचा आत्मा मानले, तेच डॉक्टर आंबेडकर त्या विधेयकाच्या पाठीशी उभे होते. घटनासमितीत, घटना संमत होण्याच्या आदल्या दिवशीच्या भाषणात, प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्र आहे या जेफर्सनच्या मताचा हवाला देऊन त्यांनी सांगितले होते की, घटना बदलण्याची वाट आम्ही मुद्दाम सुलभ ठेवली आहे. घटना अचल असावी असे घटनाकारांनाच वाटत नव्हते. मग ते तुम्हाला का वाटावे?

येथे वकीलसाहेब क्षणभर थांबतात, कारण १९५१ च्या कुळाविरुद्ध बोलण्याची त्यांची इच्छा नाही. आणि माझे मत विचाराल तर, त्या वर्षापुरते रावसाहेबांचे म्हणणे मला अखंडनीय वाटते. न्यायालयापर्यंत जाण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी होते त्याने आपल्या हक्काचे रक्षण न्यायालयाकडून करून घेतले होते. ज्याच्यापाशी ते नव्हते त्याच्यासाठी संसदेला घटनेच्या अंगावर लिहावे लागले. पण वकीलसाहेबांची खरी तक्रार १९५१ विषयी नाहीच.

वकीलसाहेब : ते परिशिष्ट कुळासाठी बांधलेली धर्मशाळा होती, हे मी मान्य करतो. पण धर्मशाळेला दार असते आणि आत कोण उतरला याची विचारपूस होत नाही. १९७५ साली एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने जे कायदे त्या यादीत नेऊन ठेवले, त्यांत ब्याण्णवाव्या क्रमांकावर कोण येऊन बसले माहीत आहे? अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा! ज्याखाली हजारो माणसे बिनचौकशी तुरुंगात होती तो कायदा, कुळकायद्याच्या शेजारी, त्याच ३१-ख कलमाच्या छत्राखाली. पुढल्या वर्षी चाळिसाव्या दुरुस्तीने आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीस प्रतिबंध करणारा कायदाही तेथे नेला. तेरा कायद्यांची यादी वाढत वाढत २८४ वर गेली. रावसाहेब, खोताच्या तावडीतून कुळाला सोडविण्यासाठी जी युक्ती काढली, तीच युक्ती तुरुंगाचे दार बंद ठेवण्यासाठी वापरली गेली. आणि वापरणाऱ्यांचे बहुमत तितकेच कायदेशीर होते, जितके १९५१ चे.

रावसाहेब : ते अनिष्ट होते. माझ्या खात्यातल्याच कचेऱ्यांतून त्या काळात कशा याद्या मागविल्या जात, हे मला ठाऊक आहे. त्याचे समर्थन मी करणार नाही.

वकीलसाहेब : आणि एकोणचाळिसाव्या दुरुस्तीचा मुख्य हेतू तर त्याहून उघड होता. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी ११ ऑगस्टला सुरू व्हावयाची होती. १० ऑगस्टला दुरुस्ती अमलात आली, आणि तिने असे ठरविले की, पंतप्रधानांच्या निवडणुकीस न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि जो निकाल लागला आहे तो लागलाच नाही असे समजावे. एका व्यक्तीच्या एका दाव्याचा निकाल घटनेत लिहिला गेला! आता मला सांगा, संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही असे मानले, तर हे थोपवायचे कोणत्या आधारावर? नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, ते दोन वर्षांपूर्वीच्या केशवानंद भारतींच्या निकालातील एकाच तत्त्वाच्या बळावर की, घटनेत दुरुस्ती करता येते, तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. ते तत्त्व नसते तर?

रावसाहेब : ते तत्त्व तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी सांगितले आणि सहांनी नाकारले; म्हणजे एका मताचे अंतर. साठ कोटींच्या देशात संसदेने दोनतृतीयांश मताने केलेले कृत्य एका मताच्या बळावर रद्द व्हावे, याला तुम्ही लोकशाही म्हणता. गोलकनाथ प्रकरणातही तेच झाले होते: अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. त्या निकालाने मूलभूत हक्कांत कसलीही कपात करण्याचा संसदेचा अधिकारच काढून घेतला, तेव्हा त्याविरुद्ध विधेयक कोणी आणले? इंदिरा गांधींच्या सरकारने नव्हे. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी, विरोधी बाकावर बसलेल्या समाजवाद्याने, १९६७ साली ते खाजगी विधेयक मांडले. ते खोतीच्या मुलखाचे प्रतिनिधी होते. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला स्वतःची घटना बदलता येऊ नये, हे त्यांना लोकांच्या सार्वभौमत्वाचा अपमान वाटले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. नाथ पैंना तुम्ही हुकूमशाहीचे हस्तक म्हणाल काय?

वकीलसाहेब : कदापि नाही. नाथ पैंची लोकशाहीवरील निष्ठा एवढी निर्मळ होती की, तिचाच आधार घेऊन त्यांना उत्तर द्यावेसे वाटते. ते आणीबाणी पाहावयास राहिले नाहीत. जे राहिले, त्यांच्यापैकी एकाचे उदाहरण देतो. होरमसजी सीरवाई महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. केशवानंद प्रकरणात केरळ सरकारच्या बाजूने उभे राहून, संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, असा युक्तिवाद त्यांनी आपल्या सर्व विद्वत्तेनिशी केला. समोर नानी पालखीवाला होते. १९७५ च्या निवडणूक खटल्याने काय घडू शकते हे दाखविल्यावर सीरवाईंनी आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत मत बदलले आणि मूलभूत चौकटीचे तत्त्व स्वीकारले. आणि हे तत्त्व एकाएकी उगवले असेही समजू नका. १९६५ च्या सज्जनसिंग प्रकरणात सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी सतरावी दुरुस्ती वैध ठरविली, तेव्हा त्याच पीठावरील न्यायमूर्ती मुधोळकरांनी एक प्रश्न नोंदवून ठेवला की, घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे ही दुरुस्ती मानावी, की घटनेच्या एका भागाचे पुनर्लेखन मानावे. दोघेही मराठी, दोघेही एकाच निर्णयात सहभागी. पण त्या शंकेला आठ वर्षांनी तेरा न्यायाधीशांच्या पीठापुढे फळ आले.

रावसाहेब : मग मी तुम्हाला न्यायालयाविषयी विचारतो. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूरच्या प्रकरणात तुमच्या न्यायालयाने काय केले? नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयात महान्यायवादींना न्यायमूर्ती खन्नांनी विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा प्राण घेतला तरी आणीबाणीत दाद नाही काय. आणि उत्तर आले की, नाही. हे उत्तर ऐकूनही पाचांपैकी चौघांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. त्या चौघांत पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूडही होते. मूलभूत चौकटीचे रक्षक म्हणून ज्यांना तुम्ही उभे करता, त्यांनी जीविताचा हक्कच अशा प्रकारे हातातून सोडला. तो परत कोणी आणला? संसदेने. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ३५९ व्या कलमात लिहून ठेवले की, आणीबाणी असो वा नसो, विसाव्या व एकविसाव्या कलमांचे हक्क स्थगित करता येणार नाहीत. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ घातले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला असल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये असे बजावले. आणि मिसाचे नाव त्या तुमच्या धर्मशाळेतून पुसून टाकले. न्यायालयाने स्वतःची चूक विधिवत् दुरुस्त केली ती २०१७ साली, एकेचाळीस वर्षांनी! तोवर जर दुसरी आणीबाणी आली असती, तर आम्हाला वाचविणारे शब्द दुरुस्तीचे होते, निकालाचे नव्हते.

हा रावसाहेबांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि घटनादुरुस्ती म्हणजे हक्कांवरील आक्रमण असे समजणाऱ्या आजच्या अनेक सुशिक्षितांना तो ठाऊक नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीइतके नागरिकाच्या प्राणाला जपणारे दुसरे विधान आपल्या घटनेत मूळ मसुद्यानंतर झालेले नाही, असे माझे मत आहे. आणि तरी तिचे नाव बेचाळिसाव्या दुरुस्तीच्या मानाने किती कमी वेळा घेतले जाते!

वकीलसाहेब : जबलपूरचा निकाल हे माझ्या व्यवसायाचे दुःख आहे, ते मी लपविणार नाही. पण तुम्ही ज्या खन्नांचा उल्लेख केलात, तेच केशवानंद प्रकरणात निर्णायक सातवे मत देणारे होते, आणि त्याच खन्नांनी हेही स्पष्ट केले होते की मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीत मोडत नाही. म्हणजे कुळाचा वाटा त्यांनी रोखला नाही. रोखले ते निरंकुशत्व. आणि चव्वेचाळिसावी दुरुस्ती करणारी संसद आली कोठून? मार्च १९७७ च्या मतदानातून. ते मतदान झाले म्हणून. बेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली होती, आणि कोणत्याही घटनादुरुस्तीस कोणत्याही न्यायालयात कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येणार नाही असेही ३६८ व्या कलमात लिहिले होते. सहाची सोळा करण्यास मग कोणता अडसर होता? ते पोटकलम १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या निकालाने रद्द झाले. बहुमताचा निकाल लिहिला तो चंद्रचूडांनीच. आणि तुमच्या कुळाचे काय झाले तेही ऐका. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याला वामनराव प्रकरणात आव्हान दिले गेले. न्यायालयाने सांगितले की, २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे केशवानंद निकालाच्या दिवसानंतर, नवव्या परिशिष्टात गेलेल्या कायद्यांची तपासणी आम्ही करू. परंतु पहिल्या दुरुस्तीने आणलेले ३१-क कलम घटनेच्या चौकटीला धक्का देत नाही, उलट जमिनीवरील विषमता कमी करून तिला बळकटीच आणते. तुमचे १९५१ चे म्हणणे न्यायालयाने स्वतःच्या लेखणीने मान्य केले.

रावसाहेब : तीस वर्षांनी.

वकीलसाहेब : तीस वर्षांनी, पण मान्य केले. आणि १९७५ चे म्हणणे कधीच मान्य केले नाही.

या दोघांतील मतभेद येथे मला संस्थांविषयीचा वाटेनासा होतो. दुरुस्तीमुळे आश्रय मिळाला तो कोणाला, एवढे पाहिले तरी १९५१ आणि १९७५ यांतील भेद दिसतो. पहिल्या वेळी आश्रय मागणारा हा सत्तेपासून सर्वांत दूर असलेला माणूस होता आणि त्याच्या वतीने सत्ता बोलत होती; दुसऱ्या वेळी आश्रय सत्तेनेच स्वतःसाठी घेतला. पण ही कसोटी लावणार कोण, याचे उत्तर त्यात नाही हेही मला दिसते, आणि म्हणूनच वकीलसाहेबांच्या न्यायालयाला मी सोडू शकत नाही. दुसरे असे की, कूळ हे कूळच राहत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन उगवला आणि कायद्याने लाखो कुळांना ती कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले. मालक झालेल्या कुळाचे पुढे काय झाले, हा प्रश्न पुढच्या संभाषणात वकीलसाहेबांनीच काढला.

वकीलसाहेब : चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीची तुम्ही स्तुती केलीत. तिनेच मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून काढून ३००-क या साध्या कलमात नेला. जमीनदार गेले होते, खोत गेले होते, संस्थानिकांचे तनखेही गेले होते. मग १९७९ साली त्या हक्काची गरज उरली होती कोणाला? उरण आणि पनवेल येथील शेतकऱ्याला! नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादन होत होती. भाताची खाचरे आणि मिठागरे कसणारी, पिढ्यान्‌पिढ्या कुळे असलेली, नुकतीच सातबारावर मालक म्हणून नोंदलेली ती माणसे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ती रस्त्यावर आली, गोळीबार झाला, पाच जण प्राणास मुकले. अलिबागेच्या चरीहून ते ठिकाण काही दूर नाही. खोताविरुद्ध घटनेने ज्याला कवच दिले, त्याच्या मुलाला सरकारविरुद्ध कवच उरले नव्हते.

रावसाहेब : तुमचे म्हणणे वर्मी लागते, पण ते अर्धेच आहे. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीनंतर नुकसानभरपाई पुरेशी आहे की नाही, हे न्यायालयाला पाहताच येत नव्हते. एकतिसावे कलम १९८४ साली जिवंत असते तरी उरणकराच्या पदरी फार काही पडले नसते. त्याला विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के मिळाले ते मोर्चातून. चरीच्या शेतकऱ्याला जे मिळाले तेही तसेच. घटनेतले शब्द नंतर येतात.

वकीलसाहेब : नंतर येतात, हे खरे, पण येतात तेव्हा टिकतात. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच साध्या ३००-क कलमात सात गोष्टी वाचल्या. जमीन घेण्यापूर्वी नोटीस द्यावी. हरकत ऐकून घ्यावी. निर्णय कारणांसह कळवावा. प्रयोजन सार्वजनिकच आहे हे दाखवावे. वाजवी मोबदला द्यावा. काम विहित मुदतीत व रीतसर चालवावे. आणि ते पूर्णत्वास नेऊन जमीन खरोखर ताब्यात घ्यावी. यांपैकी एकही संसदेने त्या कलमात लिहिलेली नाही.

रावसाहेब : या सातांपैकी पहिलीविषयी मी बोलू शकतो. मी खात्यात आलो तेव्हा कृषक दिनाच्या ३२-ग कलमाखालील चौकश्या अजून चालूच होत्या, आणि मी मामलेदार झालो तेव्हाही चालूच होत्या. दिल्लीत कुळाचा कायदा नवव्या परिशिष्टात सुरक्षित होता. तालुक्यात तो तलाठ्याच्या फेरफाराच्या वहीत होता. कुळाने जमीन स्वखुशीने सोडली, अशा राजीनाम्यांचे गठ्ठे मी पाहिले आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे दांडेकर आणि खुदनपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ साली जे पुस्तक काढले, त्यात हेच आहे: कायद्याने संरक्षण दिलेल्या कुळांच्या हातून जमिनी जातच होत्या, आणि कागदोपत्री त्या राजीखुशीने जात होत्या. माझ्यापुढे प्रकरण येई तेव्हा मी आधी नोटीस बजावल्याचा कागद पाही. कोतवालाचा शेरा असे की, कूळ घरी मिळून आले नाही. कूळ गैरहजर, म्हणजे जमीन घेण्यास त्याची इच्छा नाही, म्हणजे त्याची खरेदी निष्फळ, असा हिशेब कायद्यातच होता. मी पुन्हा नोटीस काढी. सगळेच काढीत असे नाही.

वकीलसाहेब : आणि जेथे दुसरी नोटीस निघाली नाही, तेथे कूळ प्रांताकडे अपिलात जाई, तेथून महसूल न्यायाधिकरणात, आणि तेथेही हरले तर २२७ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात माझ्यासारख्याकडे येई. फी पुष्कळदा नसेच. पण कोतवालाचा तो एका ओळीचा शेरा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे वाचून दाखविता येई, आणि तो वाचून दाखविल्यावर प्रकरण फेरचौकशीसाठी मामलेदाराकडे परत गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. रावसाहेब, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली होती, जिची कोणी फारशी वाच्यता करीत नाही. तिने २२७ व्या कलमातून न्यायाधिकरणे वगळली. न्यायालयांवर उच्च न्यायालयाची देखरेख राहिली, न्यायाधिकरणांवर राहिली नाही. २२६ व्या कलमाचा रिट अधिकारही तिने आखडून घेतला.

रावसाहेब : म्हणजे महसूल न्यायाधिकरणात हरलेले कूळ...

वकीलसाहेब : पूर्वीसारखे मुंबईला किंवा नागपूरला येऊ शकत नव्हते. सर्वोच्च न्यायालयात खास परवानगीचा अर्ज करण्याची वाट मोकळी होती; म्हणजे उरणहून किंवा गडहिंग्लजहून दिल्ली. जे सरकार कुळाच्या नावाने न्यायालयांचे अधिकार कमी करीत होते, त्याने कुळाच्या वाटेवरचे शेवटचे परवडणारे न्यायालय बंद केले.

रावसाहेब : चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते पुन्हा उघडले असेल.

वकीलसाहेब : उघडले, १९७९ साली, ‘न्यायालये व न्यायाधिकरणे’ हे शब्द २२७ व्या कलमात परत आले, आणि ते संसदेने आणले, हे मी तुमच्या खात्यावर जमा करतो. पण १९७७ च्या फेब्रुवारीपासून मधल्या सव्वादोन-अडीच वर्षांत ज्या कुळांविरुद्ध न्यायाधिकरणाचे निकाल लागले, आणि ज्यांची नावे त्या निकालानुसार सातबाराच्या इतर हक्कांतून कमी झाली, त्यांच्या फेरफार नोंदी तुमच्या तालुक्याच्या दप्तरात असतील.

रावसाहेब : असतील. मी काही स्वतः प्रमाणित केलेल्या असतील.